प्रोजेक्ट सारखा रिस्टार्ट होतोय? वॉचमनला झोपवू नका!

रात्रीचे पावणेबारा. एक्स्टर्नल परवावर. आणि माझी रूममेट लॅपटॉपसमोर बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचतेय.

‘ब्राउनआऊट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड.’

ओळ येते, बोर्ड बंद पडतो, परत सुरू होतो. वाय-फाय जोडतो, पंप चालू करायला जातो आणि धप्प! पुन्हा तीच ओळ. दहा मिनिटांत मी सतरा वेळा मोजली. (मी मास कॉमची. मोजण्यापलीकडे माझा काही उपयोग नव्हता.)

ती इलेक्ट्रॉनिक्सच्या फायनल इयरला. प्रोजेक्ट ऐकायला साधा. रोपांच्या ट्रेमधला ओलावा मोजायचा, कमी झाला की पंप चालू, पुरेसा झाला की बंद, आणि मोबाइलवर मेसेज. पण तिच्यासाठी हा नुसता मार्कांचा मामला नव्हता. जुन्नर तालुक्यात तिच्या पप्पांची टोमॅटोच्या रोपांची नर्सरी आहे. शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की काका हातात बॅटरी घेऊन शेडनेटमध्ये. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाच हिनं ठरवलं होतं, फायनल इयरला प्रोजेक्ट करायचा तर हाच.

शेवटी तिला इंटरनेटवर ‘उपाय’ सापडला.

‘‘मिळालं! एकच ओळ टाकायची कोडमध्ये. डिटेक्टरच बंद करून टाकायचा.’’

‘‘बंद? अगं, पण तो काहीतरी सांगतोय ना?’’

‘‘सगळे हेच करतात. आणि बघ, चाललं की नाही?’’

चाललं. खरंच चाललं. पंप सुरू झाला, ती ओळ गायब. आम्ही मॅगी केली, सेल्फी काढला आणि दीड वाजता झोपलो.

पहाटे चार वाजता मी पाणी प्यायला उठले, तर पाय ओले. बादली रिकामी. ट्रेमधल्या कोकोपीटचा चिखल झालेला, त्यातून ओसंडलेलं पाणी रूमभर, आणि पंप कोरडाच घूं घूं करत फिरतोय. बोर्डावरचा लाल दिवा चालू होता, पण आतला प्रोग्रॅम ठप्प. मोबाइलवर शेवटचा मेसेज रात्री दोन वाजून दहा मिनिटांचा, ‘पंप चालू’. त्यानंतर काहीच नाही.

ती पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि एवढंच म्हणाली, ‘‘हे पप्पांच्या शेडनेटमध्ये झालं असतं तर?’’

लहान रोपांना पाणी कमी पडलं तर ती माना टाकतात, दिलं की बऱ्याचदा उठतात. पण रात्रभर पाण्यात राहिली तर बुंध्याशी कुजून कोलमडतात आणि मग उठत नाहीत. इकडे मॅगी, तिकडे एका रात्रीत अख्खा लॉट खलास. हे मला त्या दिवशी कळलं. आणि मग मी तिच्या मागे लागले. ब्राउनआऊट म्हणजे नक्की काय? आणि तो डिटेक्टर एवढा आरडाओरडा का करत होता?

‘बंद’ परवडलं, ‘मंद’ नको

लाइट पूर्ण गेली तर तो ब्लॅकआऊट. पण बल्ब पिवळा पडतो, पंखा रेंगाळतो, टीव्ही लुकलुकतो, लाइट असते पण नसल्यासारखी, तो ब्राउनआऊट. गावाकडे सरळ म्हणतात, ‘व्होल्टेज नाही’.

आता आपल्याला वाटतं, पूर्ण बंद पडणं जास्त वाईट. प्रोसेसरच्या बाबतीत उलट आहे. पूर्ण बंद पडलेला प्रोसेसर काहीच करत नाही, म्हणजे चूकही करत नाही. लाइट आली की पहिल्या ओळीपासून सुरुवात. गडबड होते ती मधल्या पट्ट्यात, जिथे व्होल्टेज त्याला जिवंत ठेवण्याइतकं असतं, पण नीट काम करण्याइतकं नसतं.

प्रोसेसरमध्ये सगळा खेळ शून्य आणि एकचा. व्होल्टेज खाली गेलं की आतले ट्रान्झिस्टर संथ होतात, घड्याळाचे ठोके मात्र तेवढ्याच वेगाने पडत राहतात. मग मेमरीतून वाचलेली सूचना वेळेत पोहोचत नाही, एकाच्या जागी शून्य वाचला जातो, प्रोग्रॅम भलत्याच ओळीवर उडी मारतो. कधी तिथेच अडकून बसतो. कधी तर ज्या मेमरीत सेटिंग्ज जपून ठेवलेली असतात, तिथेच काहीतरी भलतं लिहून ठेवतो. मग लाइट नीट आली तरी यंत्र शहाण्यासारखं वागत नाही, कारण त्याची आठवणच बिघडलेली असते. अर्डुइनो उनोवर जी चिप असते, त्या एटमेगा३२८पीच्या डेटाशीटमध्येच लिहिलंय, की व्होल्टेज कमी असताना ईईप्रॉममधला डेटा खराब होऊ शकतो आणि त्यावर उपाय म्हणजे तेवढा वेळ चिपला रीसेटमध्ये धरून ठेवणं.

थोडक्यात, अर्धवट झोपेत गाडी चालवण्यापेक्षा बाजूला घेऊन थांबलेलं बरं. पण झोपेत असलेल्याला आपण झोपेत आहोत हे कुठे कळतं? म्हणून शेजारी जागा असणारा कुणीतरी लागतो. तोच हा डिटेक्टर.

काकांची काडी

सकाळी नऊला घरून फोन आला. तिनं सगळं सांगितलं. मला वाटलं, काका म्हणतील, ‘जाऊ दे बाळा, होतं असं’. पण ते हसायलाच लागले.

‘‘अगं, हे तर आपल्या स्टार्टरचं झालं! व्होल्टेज पडलं की स्टार्टर कशाला सुटतो? त्यात कॉइल असती. व्होल्टेज कमी झालं की ती सोडून देती. मोटार वाचावी म्हणून. तुझ्या आज्ज्यानं काय केलं होतं माहितीये? सारखं उठून चालू करायचा कंटाळा, म्हणून स्टार्टरमध्ये काडी घालून दाबून ठेवला. आठ दिवसांत मोटार जळाली. पाणी गेलं ते गेलं, वर रिवाइंडिंगचा खर्च. तू पण काडीच घातलीस म्हण की!’’

रूममेट गप्प. चार वर्षं इंजिनीअरिंग शिकलेली मुलगी आणि तिच्या कोडमधली ती एक ओळ म्हणजे आज्ज्याची काडी!

मी नंतर तिच्या लॅबच्या सरांना हा किस्सा सांगितला. ते म्हणाले, ‘‘बरोबर बोलले ते. मोटारीवर लोड तेवढाच असतो, मग व्होल्टेज पडलं की ती जास्त करंट ओढते आणि तापते. प्रोसेसर तापत नाही, तो भरकटतो. नुकसान वेगळं, पण पहारेकऱ्याचं काम एकच. धोका दिसला की थांबवायचं आणि सगळं ठीक झाल्याशिवाय सुरू करू द्यायचं नाही.’’

साबुदाण्याएवढा वॉचमन

या पहारेकऱ्याला इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्होल्टेज सुपरवायझर म्हणतात. काही प्रोसेसरमध्ये तो आतच असतो, जसा आमच्या ईएसपी३२ मध्ये. नाहीतर वेगळी चिप मिळते. सरांनी ड्रॉवरमधून काढून दाखवली, मॅक्स८०९. तीन पाय, लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. साबुदाण्याच्या दाण्याएवढी. मी शिंकले असते तर हरवली असती.

एवढ्याशा जिवात तीन गोष्टी असतात.

पहिली, न बदलणारं माप. दुकानदाराचं किलोचं वजनच झिजायला लागलं तर तराजूचा काय उपयोग? तसंच इथे. बाहेरचं व्होल्टेज वर-खाली झालं तरी चिपच्या आत एक ठरावीक व्होल्टेज कायम राहतं, ते हे माप.

दुसरी, तराजू. म्हणजे बाहेरचं व्होल्टेज आणि हे माप यांची सतत तुलना करणारं सर्किट. ५ व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डासाठी ४.६३ व्होल्टची चिप मिळते, ३.३ व्होल्टच्या बोर्डासाठी ३.०८ ची. आकड्याच्या खाली गेलं की ती प्रोसेसरची रीसेटची पिन दाबून धरते. आणि गंमत बघा, पुरवठा उतरत उतरत १ व्होल्टपर्यंत आला तरी तिची पकड सुटत नाही. प्रोसेसर केव्हाच बेशुद्ध, हा मात्र ड्युटीवर!

तिसरी, धीर. व्होल्टेज परत वर आलं म्हणून ती लगेच पिन सोडत नाही. किमान १४० मिलिसेकंद थांबते. पापणी लवायला लागतो साधारण तेवढा वेळ. का? कारण लाइट येताना सरळ येत नाही, दोन-तीन गचके देत येते. मधे पुन्हा पडली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सगळं स्थिर झालं की मगच, ‘हं, आता सुरू कर’.

याच घराण्यातल्या काही चिप्सना अजून एक काम असतं. मॅक्स७०५ मध्ये वॉचडॉग आहे. प्रोसेसरने दर १.६ सेकंदांच्या आत ‘मी जागा आहे’ अशी खूण द्यायची. नाही दिली, तर तो कुठेतरी अडकलाय असं समजून चिप रीसेटचा इशारा देते. पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी आमच्या बोर्डाला नेमकं हेच हवं होतं. तो अडकला होता आणि त्याला हलवणारं कुणीच नव्हतं. होता त्या एका वॉचमनलाही आम्हीच झोपवलं होतं.

पुस्तकातलं सर्किट फसतं कुठे?

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, ८०५१ ची आकृती आठवतेय? रीसेट पिनला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ८.२ किंवा १० किलोओहमचा रेझिस्टर. व्हायव्हात हमखास विचारतात. सुरुवातीला लाइट आली की कपॅसिटर भरेपर्यंत चिप रीसेटमध्ये राहते. छान.

पण लाइट पूर्ण न जाता क्षणभर डिम होऊन परत आली तर? कपॅसिटर तेवढ्यात पुरेसा रिकामा होतच नाही. म्हणजे रीसेट मिळतच नाही. चिप भरकटलेली, आणि तिला जागं करणारं सर्किट आपलं निवांत. लॅबमधल्या सरळ पुरवठ्यावर प्रोजेक्ट झकास चालतो आणि गावातल्या डीपीवर मान टाकतो, त्याचं हे एक कारण.

अर्डुइनोचीही एक गंमत सरांनी दाखवली. उनोच्या चिपमधला डिटेक्टर कंपनीतून येतानाच चालू असतो, पण २.७ व्होल्टवर लावलेला. आणि ही चिप १६ मेगाहर्ट्झने पळवायची तर डेटाशीटमधल्या आलेखाप्रमाणे तिला सुमारे ३.८ व्होल्ट तरी लागतात. म्हणजे ३.८ ते २.७ हा मधला पट्टा बिनपहाऱ्याचा! चिपमध्ये ४.३ व्होल्टचा पर्याय असतो, तो आपण निवडायचा. वॉचमन असून भागत नाही, तो योग्य गेटवर हवा.

आणि आमचा ईएसपी३२? त्याच्या मॉड्यूलला किमान ३ व्होल्ट लागतात. आतला डिटेक्टर साधारण २.४३ व्होल्टला ओरडतो. म्हणजे तो ओरडला तेव्हा पाणी आधीच गळ्यापर्यंत आलं होतं. त्याच्यावर आम्ही रुमाल टाकला.

आणि हे तुमच्या खिशातही आहे

‘आमचा काय संबंध, आम्ही कॉमर्सवाले,’ म्हणणाऱ्यांनी आपला जुना फोन आठवावा. बॅटरी ३० टक्के दाखवतेय, तुम्ही कॅमेरा उघडता आणि फोन बंद! ते ३० टक्के खोटे असतीलच असं नाही. जुनी झालेली बॅटरी अचानक मोठा करंट देऊ शकत नाही, तिचं व्होल्टेज क्षणभर कोसळतं आणि आतली यंत्रणा भरकटण्याऐवजी बंद पडणं पसंत करते.

यावरून मोठं रामायण झालंय. २०१६ च्या अखेरीस आयफोन ६एस अचानक बंद पडत असल्याच्या तक्रारी वाढल्या. अ‍ॅपलने जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ हे अपडेट आणलं. बॅटरी थकलेली असेल तर फोन गरजेप्रमाणे संथ करायचा, म्हणजे करंटची मागणी अचानक वाढणार नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण आपण नेमकं हेच करतोय, असं कंपनीने लोकांना नीट सांगितलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ते उघड झालं, कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलण्याची किंमत ७९ डॉलरवरून २९ डॉलर केली. पुढे सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ दिसायला लागलं. २०२० मध्ये अमेरिकेतला दावा मिटवण्यासाठी ५० कोटी डॉलरपर्यंत देण्याची तयारी दाखवावी लागली.

थांबवणं चुकलं नव्हतं. न सांगणं चुकलं होतं.

त्या हिशेबाने आमचा ईएसपी३२ बिचारा प्रामाणिक. सतरा वेळा सांगत होता. रास्पबेरी पाय तर चित्र काढून सांगतो. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या आसपास किंवा खाली गेला की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. अनेकांना ते डिझाइन वाटतं!

मग चूक कुठे होती?

केबलमध्ये. हो, केबलमध्ये! पंप आणि बोर्ड एकाच चार्जरवर, एकाच लांब, बारीक यूएसबी केबलवर. हिशेब सोपा आहे. समजा, केबलचा रेझिस्टन्स अर्धा ओहम. पंप सुरू होताना आणि वाय-फाय बोलताना मिळून दोन अँपिअर ओढले गेले, तर एक व्होल्ट केबलमध्येच खर्च. पाचाचे उरले चार. बोर्डावरच्या रेग्युलेटरला ३.३ द्यायचे तर वर साधारण एक व्होल्ट जास्त हवा असतो. मग चारातून ३.३ निघणार कसे? वर चार्जर स्वस्तातला, तोही दमतो.

त्या दिवशी दुपारी आम्ही तापकीर गल्ली गाठली. जाड, आखूड केबल. पंपासाठी वेगळा अ‍ॅडॉप्टर. बोर्डाजवळ लावायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मोटारीला आडवा डायोड. सगळं मिळून बाहेरच्या दोन पिझ्झांपेक्षा स्वस्त. आणि ती कोडमधली ओळ? तिनं स्वतः खोडली. वॉचडॉगही चालू केला. शेतातल्या पक्क्या बोर्डावर ३.०८ ची वेगळी सुपरवायझर चिप टाकायचं ठरलं.

तुमचाही बोर्ड सारखा रिस्टार्ट होतोय?

• आधी केबल बदला. आखूड आणि जाड. बहुतेक भुतं इथेच उतरतात.
• मोटार, रिले, सर्व्हो यांना वेगळा पुरवठा द्या. ग्राउंड मात्र एकत्र जोडा.
• ईएसपी३२ साठी किमान ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा पुरवठा हवा. वाय-फाय बोलताना तो एकदम करंट ओढतो.
• मल्टिमीटर बोर्डाच्या पिनांवर लावा, चार्जरवर नाही. मल्टिमीटरला क्षणाचा गचका दिसत नाही, लॅबमध्ये ऑसिलोस्कोप असेल तर त्यावर बघा.
• रीसेट झाल्यावर रिले कुठल्या स्थितीत जातो ते तपासा. प्रोसेसर बंद म्हणजे पंप बंद, हीच जोडणी हवी.
• डिटेक्टर बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर विचारा, ‘आणि मग मला कोण सांगणार?’

एक्स्टर्नलचा प्रश्न

परीक्षेच्या दिवशी मी लॅबबाहेर उभी होते. दार अर्धं उघडं. एक्स्टर्नल सरांनी प्रोजेक्ट बघितला, मान डोलावली आणि नेमकं विचारलं, ‘‘गावाला व्होल्टेजचा प्रॉब्लेम असतो. मग?’’

ती काही बोलली नाही. तिनं बोर्ड टेबलावरच्या व्हेरिएबल सप्लायला जोडला आणि पंप चालू असताना नॉब हळूहळू फिरवायला लागली. पाच. साडेचार. चार. त्याच्या खाली कुठेतरी टक् असा आवाज आला. रिले सुटला, पंप थांबला. स्क्रीनवर ती ओळ. तिनं नॉब परत वर नेला. बोर्ड क्षणभर थांबला, उठला, ओलावा मोजला, जुनी सेटिंग्ज जशीच्या तशी, आणि पंप सुरू.

‘‘सर, हा प्रॉब्लेम नाही, हे फीचर आहे,’’ ती म्हणाली. सर हसले. मार्क अजून यायचेत.

पण खरी एक्स्टर्नल त्यानंतरच्या रविवारी झाली, शेडनेटमध्ये. मीही गेले होते. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, बोर्डाकडे बघितलं, मग स्टार्टरच्या पेटीकडे, मग रोपांकडे. अ‍ॅप, ग्राफ, मेसेज, कशातच त्यांना रस नव्हता. त्यांनी एकच विचारलं.

‘‘याला काही कळंना झालं, तर पाणी बंद राहतं का चालू?’’

‘‘बंद, पप्पा.’’

‘‘मग बसव.’’